हेडक्वार्टर रेस्ट

विश्रांतीबद्दल मला कुणी काही शिकवावं, असं मला परवापरवापर्यंत वाटत नव्हतं. मी रेल्वेतला निवृत्त गार्ड. हल्ली त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण ते नाव २०२२ साली आलं, तोवर माझी नोकरी संपली होती. विश्रांतीचे नियम मला तोंडपाठ होते, अजून आहेत. ड्यूटी ८ तास किंवा त्याहून जास्त झाली तर हेडक्वार्टरला १६ तास रेस्ट. ८ तासांच्या आत आटोपली तर १२ तास. शिवाय महिन्यातून सलग ३० तासांच्या ४ किंवा २२ तासांच्या ५ सुट्ट्या. लॉबीत साइन ऑफ केलं, म्हणजे ड्यूटी संपल्याची सही केली, की माझं घड्याळ सुरू. तास पुरे व्हायच्या आत कॉल आला तर मी भांडायचो. थकलेल्या माणसाच्या हाती गाडी देणं हा गुन्हा आहे, हे वाक्य मी युनियनच्या सभांमधून अनेकदा म्हटलंय. टाळ्याही घेतल्यात.

रनिंग स्टाफच्या बोलण्यात हेडक्वार्टर म्हणजे आपलं ठाणं. जिथून गाडी घेऊन निघायचं आणि काम संपवून जिथं परतायचं ते. माझं हेडक्वार्टर दौंड. सोलापूरहून मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये एकट्यानं बसून येताना भिगवण मागं पडलं की जीव निवायचा. आता घर, आता आंघोळ, आता झोप. नोकरीभर हेच चाललं आणि त्यामुळे एक समज माझ्यात पक्का बसला, की घर ही विश्रांतीची जागा आहे. माझीच नव्हे, घरातल्या सगळ्यांची. हा समज आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. सूर्य पूर्वेला उगवतो, तसंच ते होतं.

तो मोडला गेल्या हिवाळ्यात, क्रूझवरून घरी परतल्यावर.

आधी क्रूझबद्दलचं माझं मत सांगतो, कारण तेही फारसं शोभादायक नव्हतं. मुलगा आणि सून पुण्यात, खराडीला राहतात, दोघंही नोकरी करतात. मुंबईहून बोटीनं गोवा आणि परत, असा बेत त्यांनी जाहीर केला तेव्हा मी म्हणालो, "समुद्र बघायला समुद्रात कशाला जायला पाहिजे? अलिबागला किनाऱ्यावरनं दिसत नाही का?" पत्ते, दारू आणि नाचगाणं यापलीकडे तिथं काही नसणार अशी माझी खात्री होती. तेवढ्या पैशात गच्चीवर पत्र्याची शेड झाली असती, हेही मी ऐकवलं. आणि जे ऐकवलं नाही ते असं, की मला पाण्याची भीती वाटते. पूल होण्याआधी शिरापूरहून नावेत बसून भीमा ओलांडायची आणि पलीकडे सिद्धटेकच्या गणपतीला जायचं, एवढाच माझा जलप्रवास. तेवढ्यातही मी नावेची कड घट्ट धरून बसायचो. रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारी कोकणातले एक फिटर राहायचे. १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर बुडालेल्या रामदास बोटीची हकीकत ते दर गटारीला सांगायचे. सहाशेहून जास्त माणसं गेली होती. लहानपणी ऐकलेलं ते मनातून कधी गेलं नाही.

"महाबळेश्वरला एखादा बंगला घेऊ की चार दिवस," असं मी सुचवलं. सून म्हणाली, "नको बाबा, बोटच." कारण काही सांगितलं नाही. मी मनात नोंद केली, हट्टी आहे.

बॅलार्ड पिअरहून बोट सुटायच्या आधीच माझं अर्धं मत बदललं, ते कवायतीमुळे. सगळ्या प्रवाशांना जमवून लाइफ जॅकेट कसं घालायचं, भोंगा वाजला की कुठं जमायचं, हे समजावून देतात. त्याशिवाय जहाज सुटत नाही. ज्यानं आयुष्यभर हातबत्ती, झेंडे आणि डिटोनेटर मोजून घेतल्याशिवाय गाडीवर पाय ठेवला नाही, त्या माणसाला हे पाहून बरं वाटणारच. भीती थोडी सैल झाली. पत्ते आणि नाचगाणं होतं, पण आमच्यासारखी म्हातारी माणसंही पुष्कळ होती. त्यांच्याकडे कुणी बळजबरीनं ग्लास सरकवत नव्हतं.

आमच्या खोलीची व्यवस्था बघणारा मुलगा सिंधुदुर्गातला होता. मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, ड्यूटी किती, रेस्ट किती. तो हसला, पण उत्तर देताना त्याचा चेहरा गंभीर झाला. खलाशांच्या कामाचा एक जागतिक करार आहे, २००६ सालचा. तो २०१३ पासून लागू झाला, २०१५ मध्ये भारतानंही मान्य केला. २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती, आणि तिची लेखी नोंद. "नोंद करायला लागते काका, नाहीतर बंदरात तपासणीत पकडतात." मला तो आपल्या जातकुळीचा वाटला. आम्ही दोघं बराच वेळ कंट्रोलवाल्यांची आणि साहेबलोकांची चेष्टा करत उभे होतो. मी त्याला सांगितलं, "रेस्ट सोडायची नाही पोरा. ती मागून मिळत नसते, घ्यावी लागते." आज ते वाक्य आठवलं की माझी मलाच लाज वाटते. सांगताना मागं खोलीत बायको होती. ती ऐकत होती.

एका पहाटे जाग आली तर ही खोलीत नाही. मी घाबरून डेकवर गेलो. ही एका खुर्चीत बसली होती, समोरच्या खुर्चीवर पाय लांब करून. हातात चहा. कुणाशी बोलत नव्हती, जप करत नव्हती, मोबाइलही नव्हता. मी विचारलं, "बरं वाटत नाही का?" ती म्हणाली, "बरं वाटतंय." मी पुन्हा विचारलं, "मग इथं का बसलीस?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो. खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला. रिकाम्या हातानं बसलेली बायको मी लग्नानंतर पाहिलीच नव्हती, आणि पाहिली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो आजाराचा.

परतीच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा भरून खोलीबाहेर ठेवायच्या असतात. ही बॅग भरताना गप्प होती. सहल संपली म्हणून असेल, असं मी समजलो. मुंबईहून आम्ही सगळे एकाच गाडीनं निघालो. मुलगा, सून, नात पुण्याला उतरले. लोणी, उरुळी, यवत, केडगाव अशी एकेक स्टेशनं मागं पडत होती आणि मी खुशीत होतो. दौंडला उतरून रिक्षानं गोपाळवाडी रस्त्यावरच्या आमच्या घरी आलो.

आता जे झालं ते सावकाश सांगतो, कारण तेव्हा ते फार पटकन घडलं आणि मला काही कळलं नाही.

कुलूप मी काढलं. बंद घराचा कोंदट वास आला. मी चपला काढल्या, पंखा लावला आणि माझ्या खुर्चीत बसलो. हिनं पर्स खुंटीला अडकवली आणि पदर खोचला. खिडक्या उघडल्या. टाकीत पाणी नव्हतं, मोटर सुरू केली. फ्रिजमधलं आंबलेलं दही बाहेर ओतून भांडं घासायला टाकलं. ओट्यावर मुंग्या लागल्या होत्या, तो पुसला. बॅग उघडून कपडे भिजत घातले. देवापुढचं निर्माल्य काढलं. मग पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला. हे सगळं मला ऐकू येत होतं, डोळे मात्र मिटलेले होते. मी समाधानानं म्हणालो, "चहा टाक गं. कुठंही जा, आपलं घर ते आपलं घर."

ती ओला फडका हातात घेऊन दारात आली आणि म्हणाली, "तुमचं हेडक्वार्टर आलं. तुम्ही साइन ऑफ करा. मी साइन ऑन केलंय."

आवाज चढलेला नव्हता. टोमणा मारायचा सूरही नव्हता. लॉबीतला क्लार्क वेळ सांगतो तसं सांगितलं आणि ती आत गेली. चहाही केला. आणून दिला.

मला लगेच काही उमगलं, असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. मी चिडलो. एवढा खर्च करून फिरवून आणलं तरी बोलणं ऐकायचं, असं मनात आलं. खर्च माझा नव्हता, मुलाचा होता, हे सोयीनं विसरलो. मी म्हणालो, "तुला कुणी सांगितलं आल्या आल्या सगळं करायला? उद्या कर." तिनं आतूनच विचारलं, "उद्या कोण करणार?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी बाहेर गेलो आणि फाटकाशी उभं राहून सुनेला फोन लावला. सासूच्या डोक्यात काय भरवलंस, असं विचारायला. हे लिहितानाही हात अडखळतो, पण मी तेच विचारलं.

सून थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, मी काही भरवलं नाही. पण बोटच का म्हणत होते ते सांगते. महाबळेश्वरला बंगला घेतला तर तिथं स्वयंपाकघर असतं. मागच्या वेळी आईंनी तिथं दोन्ही वेळा सगळ्यांसाठी भाकऱ्या थापल्या. गावी गेलो तरी तेच, नातेवाइकांकडे गेलो तरी तेच. हॉटेलातसुद्धा त्या इलेक्ट्रिक किटली घेऊन येतात, तुम्हाला पाच वाजता चहा लागतो म्हणून. जहाजाच्या स्वयंपाकघरात प्रवाशांना जाऊ देत नाहीत. मला अशी एकच जागा सापडली."

मी फोन ठेवला. ज्याला हट्ट समजलो होतो, तो एवढा विचार करून आखलेला बेत होता. जिला या घरात येऊन थोडीच वर्षं झाली, तिला जे दिसलं, ते मला इतक्या संसारात दिसलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी नोकरीतले दिवस उलटून पाहत होतो, आणि प्रत्येक ठिकाणी ही कुठं होती ते शोधत होतो. कॉलबॉय रात्री दोनला दार वाजवायचा. मी उठायचो तोवर स्टोव्ह पेटलेला असायचा. डबा तयार. आमच्या वेळी रनिंग रूमला, म्हणजे बाहेरगावच्या मुक्कामाच्या जागी, शिधा आपला न्यायचा, तिथला खानसामा शिजवून द्यायचा. तांदूळ, डाळ, मसाला मापून पुरचुंड्या बांधून द्यायची ती हीच. मी घरी येऊन त्या खानसाम्याच्या डाळीचं कौतुक करायचो. रात्रपाळी करून सकाळी आलो की मला दिवसा झोप हवी. मग खिडक्यांना जाड पडदे, मुलं शेजाऱ्यांकडे, कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून भात पातेल्यात. माझे १६ तास पूर्ण व्हावेत म्हणून ती घरभर पाय न वाजवता वावरायची. म्हणजे माझी रेस्ट हीच तिची ड्यूटी होती. रजिस्टरमध्ये माझे तास लिहिले जात होते आणि त्या तासांखाली तिचं काम दडपलेलं होतं.

मग वडील आठवले. ते दौंडच्या लोको शेडमध्ये फायरमन होते. इंजिनावरच्या लोकांनी १९७३ मध्ये १० तासांच्या ड्यूटीसाठी लढा देऊन सरकारला ती मान्य करायला लावली, त्याचा त्यांना फार अभिमान. पुढच्या वर्षी, ८ मे १९७४ ला जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली देशभरचा रेल्वे संप सुरू झाला. तो वीसेक दिवस चालला. आमच्या घरात त्या दिवसांत माणसांचा राबता. खलबतं चालायची, कामाच्या तासांवर बोलणं व्हायचं. लहानपणापासून मला त्या दिवसांतले वडील तेवढे आठवत होते. आता आठवली ती आई. पगार बंद, रॉकेलची मारामार, आणि दर तासाला बाहेरून आवाज, "वहिनी, चहा." कामाचे तास कमी करण्यासाठी पुरुष घरी बसले होते, तेवढ्यानं तिचे तास वाढले होते. मी त्याच बाहेरच्या खोलीत वाढलो, तिथलीच भाषा शिकलो. आतल्या खोलीतही कुणी काम करतं, हे मला तिथं कुणी शिकवलं नाही. पण कुणी शिकवलं नाही ही सबब माझ्या वयाच्या माणसाला शोभत नाही.

मनमाडकडून येऊन पुण्याकडे जाणारी गाडी पूर्वी दौंडला थांबवून तिचं इंजिन पलटावं लागायचं. आता कॉर्ड लाइन झाल्यामुळे पुष्कळ गाड्या तशाच पुढे जातात. डबे तेच, माणसं तीच, सामान तेच. पण इंजिन दुसऱ्या टोकाला लागलं की माझी ब्रेकव्हॅन जिथं होती ते टोक पुढं व्हायचं. त्या रात्री माझ्या आठवणींचं असंच झालं. नवीन काही सापडलं नाही. तेच प्रसंग उलट्या दिशेनं चालू लागले.

सरकारनं २०२४ मध्ये लोकांच्या दिवसाच्या वेळेचं जे सर्वेक्षण केलं, त्यात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर रोज २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८, असा हिशेब आहे. नंतर ते वाचलं तेव्हा जाणवलं, की ही ८८ मिनिटं असलं काही काम करणाऱ्या पुरुषांची आहेत. मी त्या सरासरीतसुद्धा बसत नव्हतो.

एक गोष्ट मला खटकत राहिली. बोटीवर हिला विश्रांती मिळाली ती त्या सिंधुदुर्गातल्या पोरासारख्या अनेकांच्या कामावर. कुणाची तरी सुट्टी ही दुसऱ्या कुणाची ड्यूटी असणारच. मग माझं चुकलं कुठं? बरेच दिवस हा प्रश्न घोळवल्यावर एवढं कळलं, की त्या पोराचं काम मोजलं जातं. त्याला पगार आहे, कराराची मुदत आहे, तास लिहिलेले आहेत, आणि कमी पडले तर तक्रार करायला जागा आहे. माझ्या घरातलं काम मी कामच धरलं नव्हतं. ते मला पंख्यातून वारा यावा तसं येत होतं. रेल्वेत थकबाकी निघाली की एरिअर्स मिळतात. हिच्या रेस्टचे एरिअर्स द्यायचे म्हटले तर माझं उरलेलं आयुष्य पुरायचं नाही.

केडगाव स्टेशनावर मी नोकरीत कितीतरी वेळा लूपमध्ये गाडी घेऊन थांबलोय. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, एवढं माहीत होतं. आत कधी गेलो नाही, चौकशीही केली नाही. आता वाचलं. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला म्हणून १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि १८८९ च्या फेब्रुवारीत जहाजानं मुंबईला परतल्या. ११ मार्चला त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलंसुद्धा. पुढे प्लेग आणि दुष्काळाच्या दिवसांत हे काम आमच्या दौंड तालुक्यात, केडगावला आलं. विधवा झालेली ती बाई समुद्रावरून परतली, पण तिची वाट बघणारं सासर नव्हतं की माहेर. तिनं परतायला घर नसलेल्या बायकांसाठी घर उभं केलं. पूर्वी हे मी इतिहास म्हणून वाचलं असतं. आता वाचताना एक साधा प्रश्न पडला. परतून विसावायला जागा असणं हे मी जन्मसिद्ध धरलं होतं. माझ्या शेजारी झोपणाऱ्या बाईला ती जागा कुठं होती?

मी काही उपाय सुचवून पाहिले. "धुण्याभांड्याला बाई लावू," म्हणालो. ती म्हणाली, "लावा. मग ती यायच्या आत मीच उठून भांडी गोळा करायची, तिला चहा करायचा, ती आली नाही तर मीच घासायची." पोळ्या बाहेरून आणू म्हटलं, तर किती आणायच्या हे मी तिलाच विचारलं. सकाळचा चहा आता मी करतो. पहिले काही दिवस साखर कुठं, गाळणी कुठं, म्हणून हाका मारत होतो. एकदा ती वैतागून म्हणाली, "यापेक्षा मीच केला असता तर पाच मिनिटं जास्त झोपले असते." बरोबर होतं. चार दशकं या घरात जेवलो, आणि मिठाचा डबा मला पाहुण्यासारखा शोधावा लागतो.

स्टेशनाजवळच्या आमच्या निवृत्तांच्या बैठकीत मी हे बोललो तेव्हा हशा पिकला. "क्रूझवरून काय आणलंस, तर लाटणं," असं एकजण म्हणाला. मी रागावलो नाही. वर्षभरापूर्वी मीच ते म्हटलं असतं, कदाचित जास्त जोरात.

एक शंका मात्र मला अजून सतावते. "मला दमायला होतं" हे वाक्य हिनं आधी कितीदा तरी म्हटलं असेल. साध्या मराठीत म्हटलं असेल. मला ते ऐकू आलं नाही. साइन ऑन, साइन ऑफ म्हणाल्यावर ऐकू आलं. इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून, माझ्या खात्याचे शब्द पाठ करून, शेवटी त्या शब्दांत अर्ज केल्यावर मी तो वाचला. मी माणूस म्हणून किती आणि कर्मचारी म्हणून किती उरलोय, याचा अंदाज मला त्यावरून आला.

आता ती बहिणींबरोबर गणपतीपुळ्याला जायचं म्हणतेय. एकटी, म्हणजे मला सोडून. मी आनंदानं होकार दिला. आनंद मनापासूनचा होता, पण त्यात थोडी धास्तीही होती, हे लपवत नाही. कारण ती जाईल याचं काही नाही, ती परत येईल तेव्हाचं आहे. तेव्हा टाकी भरलेली असेल का, ओटा पुसलेला असेल का, दोन माणसांचा स्वयंपाक झालेला असेल का, आणि ती पर्स अडकवून नुसती बसली तर मी पुन्हा "बरं वाटत नाही का" असं विचारेन का? अजून यातलं काहीच मी करून दाखवलेलं नाही. म्हणून माझं मत बदललंय एवढंच मी आज म्हणतो. मी बदललो की नाही, ते ती गणपतीपुळ्याहून आल्यावर तिला विचारा.